डाव्या कोपऱ्यातली जयमाला

मध्यंतराची शिट्टी झाली आणि आम्ही आमच्या बाजूच्या दोरीपाशी जाऊन टेकलो. कुणी मीठ-साखरेचं पाणी आणलं, कुणी चिरलेली लिंबं. आमच्या संघातली सगळ्यात वात्रट मुलगी म्हणजे सुगंधा. ती माझ्या शेजारी बसली होती. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे पहिला डाव चालू असताना चक्क झोपले होते, त्यांची तिने नक्कल करून दाखवली. मान हळूहळू छातीवर, मग दचकून टाळ्या. आम्ही सगळ्या हसलो. दमलेली माणसं हसतात तशा, गरजेपेक्षा जास्तच.

पलीकडे समोरच्या संघाच्या डुबल सरांनी जयमालाला बाजूला घेतलं होतं. एक हात तिच्या खांद्यावर ठेवून ते तिच्या कानाशी काहीतरी बोलत होते. ती खाली बघत ऐकत होती. मग तिने मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं. मी हात हलवला. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं माझ्या. तिने हात हलवला नाही.

"तुझी मैत्रीण आज मोठी झालीय वाटतं," सुगंधा म्हणाली.

"सर आहेत ना शेजारी," मी म्हटलं. "त्यांना नाही चालत."

कराडच्या मैदानावरचा कबड्डीचा अंतिम सामना होता तो. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि चिपळूणजवळच्या आमच्या मंडळाची मुख्य चढाईपटू होते. जयमाला बाबर सांगलीकडच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळायची. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम एकच, चढाई करणारीचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. त्या सामन्यावरून राज्याच्या संघात कोण जाणार ते ठरायचं होतं. निवड समितीची माणसं समोरच खुर्च्या टाकून बसली होती.

जयमालाची आणि माझी ओळख आदल्या वर्षी नाशिकच्या शिबिरात झाली. पहिल्याच दिवशी तिने माझा घोटा धरला, मी आपटले, आणि शिट्टी झाल्याबरोबर तिनेच मला काखेत हात घालून उभं केलं. कोपराला लागलेली माती झटकली. "लागलं न्हाय न्हवं?" असं विचारलं. हे ती सगळ्यांनाच विचारायची. शिबिराचे प्रशिक्षक वैतागायचे. "बाबर, ही कबड्डी आहे. तू काय पाहुण्यांना पाट मांडतेस का?" म्हणायचे. तिची पकड सगळ्यात चांगली होती, पण प्रत्येकाचं म्हणणं एकच, हिच्यात खुन्नस नाही. असती तर ही भारताकडून खेळली असती. डुबल सर तिचे गावाकडचे प्रशिक्षक. शिबिर बघायला आले तेव्हा माझ्यादेखत तिला म्हणाले, "तुला राग येत न्हाई, हेच तुझं दुखणं हाय. कवातरी आणावा लागंल."

शिबिरात आम्ही दोघी दुपारी नळावर कपडे धुवायला बसायचो. तिथे तिने मला ती गोष्ट सांगितली. मी माझ्या आईचं काहीतरी गाऱ्हाणं करत होते, आई खेळू देत नाही, सारखी लग्नाचं काढते वगैरे. ती मधेच म्हणाली, "माझी आई हाय, नीलम."

मला कळलं नाही. तिची आई वारलेली आहे हे सगळ्या शिबिराला माहीत होतं.

"मेली म्हंत्यात घरात. फोटोला हार घातलाय. पण ती जिती हाय. मी सा वर्साची हुते तवा गेली. एक डायवर हुता, त्याच्यासंगं. कोल्हापुरात असती. मी एकदा बघितली स्टॅन्डवर."

"तिने बघितलं तुला?"

"बघितलं. आन् तोंड फिरवलं."

ती शांतपणे साबण चोळत राहिली. मग म्हणाली, "ह्ये कुणालाच ठावं न्हाय. आबांनी शपथ घातलीया. तुलाच सांगितलं."

मी कुणाला सांगणार नाही असं म्हटलं, आणि खरोखरच कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, सुगंधाला नाही. शिबिरानंतर आम्ही वर्षभर एकमेकींना पत्रं लिहायचो. त्यातसुद्धा तो विषय मी कधी काढला नाही.

दुसरा डाव सुरू झाला. पहिली चढाई सुगंधाची. ती नेहमीच्या डौलात डाव्या कोपऱ्याकडे गेली, पाय पुढे करून बघितला, आणि पुढच्या क्षणी जमिनीवर होती. त्या पकडीत काही चुकीचं नव्हतं. पण शिट्टी झाल्यावर जयमालाने तिला उचललं नाही. ती तिच्या अंगावरून ओलांडून आपल्या जागेवर गेली. सुगंधा ओठातलं रक्त पुसत बाहेर आली. "काय झालंय हिला?" म्हणाली.

मी चढाईला गेले. दम घेतला, कबड्डी कबड्डी सुरू केलं, आणि तिच्या समोर आले. चढाईत समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं नसतं, पायांकडे बघायचं असतं. पण तिचे डोळे दिसलेच. ओळखीच्या माणसाचा चेहरा एखाद्याने उसना घ्यावा तसं वाटलं मला. मी उजवीकडून एक गडी टिपून परत आले. लोक ओरडत होते. डुबल सर मात्र शांत उभे होते, हाताची घडी घालून.

पुढच्या चढायांमध्ये तिने आमच्यातल्या आणखी दोघींना बाद केलं. गुण सारखे झाले. मैदान पेटलं होतं, आणि ती एकटी सगळ्यांच्या वर खेळत होती हे मला त्या गडबडीतही दिसत होतं. खुर्च्यांवरची माणसं पुढे वाकली होती. मला तिचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. खोटं कशाला बोलू.

मग ती चढाई आली. मी डाव्या बाजूला खोल शिरले होते. पाय मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला आणि तिचा हात घोट्यावर बसला. बाकीच्या अंगावर आल्या. मी पोटावर पडले, मधल्या रेषेकडे हात लांबवला, तो पोचला नाही. दम सुटला. शिट्टी वाजली. अंगावरची ओझी एकेक करून उठली. शिट्टीनंतर सोडायचं असतं, आणि त्यांनी सोडलं.

घोटा सुटला नाही. मी मान वळवून बघितलं तर ती गुडघ्यावर बसलेली, माझा पाय दोन्ही हातांत, आणि माझ्याचकडे बघत होती. मी म्हटलं, "जया, सोड." तिने पाय पिळला आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

गुडघ्यातून वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. दुखायला त्यानंतर लागलं. आधी तो आवाज ऐकू आला.

पंचांनी तिला बाहेर काढलं. आमच्या मुली तिच्या अंगावर धावून गेल्या, कुणीतरी खुर्च्या फेकल्या. मला उचलून नेत होते तेव्हा मी तिला शोधत होते. डुबल सर तिच्या पाठीवर थाप मारत होते, आणि ती उभी होती, हात लोंबते सोडून.

गुडघ्याचे अस्थिबंध तुटले होते. त्या काळी आमच्या भागात त्यावर प्लास्टरपलीकडे फारसं काही कुणी करत नसे. राज्याचा संघ जाहीर झाला त्या दिवशी माझा पाय उशीवर होता. जयमालाचंही नाव त्यात नव्हतं. तिने त्या सामन्यानंतर खेळ सोडला असं पुढे कुणाकडून तरी कळलं. मी तिला एक पत्र लिहिलं. त्यात फक्त "असं का केलंस?" एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

मी बी.एड. केलं, शाळेत लागले. भूगोल शिकवते. लग्न झालं, मुलगा झाला. गुडघा बरा झाला, पण पूर्ण नाही. चालताना डावा पाय जरा बाहेर पडतो. शाळेतल्या मुलींचा कबड्डी संघ मी बघते. त्यांना शिकवायला पळावं लागत नाही, डोळे लागतात.

मधे बरीच वर्षं गेली. माझा संघ विभागीय स्पर्धेसाठी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गेला होता. सकाळी मुली मैदानावर अंग मोकळं करत होत्या आणि मी पाण्याच्या टाकीकडे निघाले होते. कार्यालयाच्या पायऱ्यांवरून एक बाई उतरली आणि माझ्या समोर येऊन थांबली. साडी नेटकी, केसांत पांढरं, गळ्यात शाळेचं ओळखपत्र.

"चालण्यावरून ओळखलं," ती म्हणाली.

मग मला ते ऐकून कसं वाटेल हे तिचं तिलाच कळलं बहुधा. ती खाली बघू लागली. मी म्हटलं, "जया."

ती त्या शाळेच्या कार्यालयात नोकरीला होती. नवरा एसटीत. दोन मुली, दोघींनाही खेळात रस नाही. हे सगळं तिने पायऱ्यांवर बसल्या बसल्या सांगितलं. शिपायाने चहा आणून दिला. तिची बोली बदलली होती, कार्यालयात बसून बदलते तशी. अधूनमधून जुना हेल यायचा.

तिला विचारायचं असं मी केव्हाच ठरवलं होतं. इतकी वर्षं ते वाक्य तयार होतं. पण तिच्या शेजारी बसल्यावर मला ते काढवेना. तीच म्हणाली, "दुखतो का अजून?"

"थंडीत. आणि जिने उतरताना."

तिने मान हलवली. "त्या दिवसानंतर मी मैदानावर गेले नाही. इथं शाळेत सामने असले तर खिडकी लावून घेते. तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाही हे. तुझा गुडघा वाजला ना, तेव्हा मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. आयुष्यात तसं कधी वाटलं नव्हतं, पुढंही कधी वाटलं नाही. घरी गेल्यावर रात्रभर उलट्या काढल्या. पण त्या वेळी बरं वाटलं."

माझा हात गुडघ्यावर गेला.

"सर म्हणाले, आज खेळलीस. एवढंच. लहानपणापासून मी त्यांच्या तोंडून तेवढं ऐकायला खेळत होते." तिने कप खाली ठेवला. "जाऊ दे. मला तुला सांगायचं होतं, भेटलीस कधी तर. मी तुला माफ केलंय, नीलम. कधीच केलंय. आपण पोरी होतो. बोलून जातं माणूस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला माफ केलंस?"

"हो."

"कशाबद्दल?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. थोडी नाराज होऊन, मी उगीच लपवतेय असं समजून. "आईचं. तुझ्या मुलींना सांगितलंस ते."

"काय सांगितलं?"

"मध्यंतरात सर म्हणाले, त्या कोकणच्या पोरी तुझ्यावर हसत्यात. जित्या आईला हार घालणारी म्हणत्यात तुला. मी म्हटलं, असं कोण म्हणंल? तर ते म्हणाले, बघ की. आणि मी बघितलं तर तुम्ही सगळ्या हसत होता. तू मधे होतीस. तू मला हात केलास."

मैदानावर आमच्या मुली एकमेकींना घोटे धरून पाडत होत्या, किंचाळत होत्या. मला सुगंधाने केलेली त्या पाहुण्यांची नक्कल आठवली. आम्ही कशाला हसत होतो हे मी तिला सांगितलं. ती ऐकत राहिली, पण ते तिच्या आत शिरत नव्हतं.

"मी कुणाला सांगितलं नव्हतं जया. आजपर्यंत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"मग सरांना कसं कळलं? मी तुझ्याशिवाय कुणाला बोलले नव्हते."

"डुबल सर तुमच्या घरी यायचे?"

"यायचे की. मला खेळू द्या म्हणून आबांना सांगायला तेच आले होते. चहा घ्यायचे. त्यांची वाडी आमच्या लगतच."

"कुठे बसायचे ते?"

"सोप्यात. बाहेरच्या."

"आणि फोटो कुठे होता?"

ती उत्तर देणार होती, तोंड उघडलं होतं तिने. मग ते तसंच राहिलं.

शेवटी ती म्हणाली, "सोप्यातच."

"तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस," मी म्हटलं. मला थांबता येत नव्हतं. "शेजारच्या वाडीला कळणार नाही का? सगळ्यांना ठाऊक असणार. तुलाच वाटत होतं की कुणाला ठाऊक नाही."

ती समोरच्या मैदानाकडे बघत होती, पण बघत नव्हती. मी तिच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं आता ती रडेल, मग मी रडेन, आणि नळावर कपडे धुणारी माझी मैत्रीण मला परत मिळेल. खरं कळलं की माणसं सुटतात असा माझा समज होता.

"सरांच्या मयताला गेले होते मी," ती म्हणाली. "लई रडले."

"हो."

"म्हणजे तू बोललीच नव्हतीस."

"नाही."

तिने माझ्या हाताखालून आपला हात हळूच काढून घेतला. "मग मी कुणाचा पाय मोडला, नीलम?"

ती उठली, दोन्ही कप उचलले आणि पायऱ्या चढून आत गेली. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. तिच्याजवळ एक कारण होतं. कच्चं, खोटं, पण तिचं. त्या एका बाकावर टेकून तिने संसार केला होता, मुली वाढवल्या होत्या. मी तो बाक तिच्याखालून ओढून घेतला होता, आणि तोही केवळ मी निर्दोष आहे हे तिला कळावं म्हणून.

दुपारी आमच्या मुलींचा उपांत्य सामना होता. कार्यालयाची खिडकी बंद होती. मध्यंतराला आम्ही मागे होतो. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या आणि मी काय बोलते म्हणून तोंडाकडे बघू लागल्या. संपदा नावाची माझी एक मुलगी आहे, फार सुंदर पकड करते, आणि पाडल्यावर समोरचीला उठवते. एक पालक माझ्या मागे येऊन म्हणाले, "मॅडम, तिला जरा चिडवा. चिडली की बघा कशी खेळते ती." मी संपदाकडे बघितलं. "पाणी प्या," म्हटलं. "घोट घोट प्या." आम्ही तो सामना हरलो. परतीच्या वाटेवर ते पालक माझ्याशी बोलले नाहीत.

पण ते नंतरचं. निघायच्या सकाळी मुली गाडीत चढत होत्या, सामान वर बांधून झालं होतं, आणि जयमाला फाटकातून आली. रात्री झोपली नसावी. ती सरळ माझ्या खिडकीपाशी आली आणि गज धरून उभी राहिली. गाडीत गोंगाट होता, म्हणून मी वाकले.

"एक मागते," ती हळू आवाजात म्हणाली. "काल तू मला काही सांगितलं नाहीस. असंच धरते मी. चालेल?"

मी कान गजाजवळ नेला.

"तू तेव्हा बोललीस, मी चिडले, आणि मग मी तुला माफ केलं. एवढंच राहू दे. मला त्याच्यापुढं नाही जाता येत गं."

"बरं," मी म्हणाले.

"बोलली होतीस ना?"

संपदाने मागून विचारलं, "मॅडम, निघायचं का?" चालक आरशातून माझ्याकडे बघत होता.

"बोलले असेन," मी म्हटलं. "लहान होतो आपण."

तिने डोळे मिटले, उघडले, आणि गजावरचा हात सोडला.

आता दर दिवाळीला तिचा फोन येतो. आम्ही मुलांचं बोलतो, बदल्यांचं, माझ्या गुडघ्याचं. थंडीत शेक घेत जा म्हणून ती बजावते. फार मायेने बोलते ती माझ्याशी. मोठ्या मनाने माफ केलेल्या माणसाशी बोलावं, तसं.